भाच्याला, त्याच्या पहिल्या खलनायकाबद्दल

कोल्हापूर,
गुरुवार

चि. बाळास,


तुझा निरोप सावकाश वाचला. पहिल्याच मालिकेत सरपंचाच्या भावाचं काम मिळालं, ते लोकांच्या मनात इतकं बसलं की दादरच्या मंडईत एका बाईनं तुला तोंडावर सुनावलं, आणि आता दुसऱ्या निर्मात्यानंही तसल्याच माणसासाठी विचारलंय. घेऊ का नको, असं तू विचारतोस. मित्र म्हणतात, एकदा शिक्का बसला की पुसला जात नाही. वहिनी म्हणते, आपल्या घरात असली कामं नकोत. दिग्दर्शक म्हणतो, अजून खुनशी कर. तीन तोंडं तीन दिशांना, आणि तू मधे अवघडून उभा.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. काम घे. पण पहिलं ज्या पद्धतीनं करतोयस त्या पद्धतीनं दुसरं करू नकोस, आणि जमलं तर पहिल्यातही बदल करायला आजपासून लाग.

मी तुझी मालिका रोज बघते. दिवाबत्ती उरकून साडेसातला बसतेच. परवाचाच प्रसंग घे. त्या म्हाताऱ्याची विहीर तुला हवी आहे आणि तो हात जोडून समोर उभा आहे. तू काय केलंस? डोळे बारीक केलेस, जबडा आवळलास, मिशीवरून बोट फिरवलंस आणि शेवटच्या वाक्याला आवाज चढवलास. मग कॅमेरा तीनदा तुझ्या तोंडावर आला आणि मागे ढोल वाजले. हा माणूस वाईट आहे हे बघणाऱ्याला कळलं, पण ते त्याला पहिल्या भागापासूनच माहीत होतं. त्याला भीती मात्र वाटली नाही. मला तरी वाटली नाही. कारण त्या प्रसंगात तू फार कष्ट घेत होतास. ज्याच्या मुठीत गाव आहे त्याला कष्ट घ्यावे लागत नाहीत.

असला माणूस स्वतःच्या नजरेत कधीच वाईट नसतो. त्याला मनापासून वाटत असतं की विहीर आपलीच आहे, म्हातारा उगीच आडमुठेपणा करून ती अडवून बसलाय, आणि आपण बिचारे किती दिवस सबुरीनं घेतोय. गावासाठी आपण एवढं करतो, तर गावानं आपल्याला एवढं द्यायला काय हरकत आहे, असा त्याचा हिशोब असतो. तो हिशोब तू आतून पटवून घेतलास की झालं. वाईटपणा लोक आपले आपण ओळखतात. तो तू दाखवायला गेलास की माणूस जातो आणि नुसती मिशी उरते.

हे मी निळूभाऊंचं काम बघून शिकले, आणि तूही तिथूनच शिकावंस असं मला फार वाटतं. तुझ्या पिढीला निळू फुले म्हणजे ‘बाई, वाड्यावर या’ एवढंच ठाऊक. मान वाकडी करून, आवाज घोगरा काढून कुणीही ते म्हणतो आणि लोक हसतात. जवळजवळ चाळीस वर्षं ज्यानं पडद्यावर आणि रंगभूमीवर काम केलं, त्याला एवढ्यात गुंडाळून ठेवलेलं बघून माझा जीव तुटतो. नकलेत मान येते, आवाज येतो. पण त्या मानेमागचा निवांतपणा येत नाही, आणि खरा दरारा त्या निवांतपणाचा होता.

निळूभाऊ पुण्याचे, 1930 सालचे. घरची परिस्थिती बेताची. तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करत, आणि त्या तुटपुंज्या पगारातला वाटा राष्ट्र सेवा दलाला देत. सेवादलाच्या कलापथकातून ते रंगमंचावर आले. राम नगरकर, दादा कोंडके हीसुद्धा त्याच मांडवाखाली वाढलेली माणसं. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये त्यांनी रोंगे केला आणि लोकांचं लक्ष गेलं. 1957 च्या निवडणुकीच्या सुमारास ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग त्यांनी स्वतः लिहिला. मग शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’नं नाव गावोगाव पोचवलं. 1968 साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेलेअण्णा म्हणून ते सिनेमात आले, तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. तू सव्विशीत आहेस आणि ‘वेळ निघून चालली’ म्हणतोस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याआधीची त्यांची ती वर्षं मला फार मोलाची वाटतात. वगात समोरचा प्रेक्षक हातभर अंतरावर बसलेला असतो. त्याला खोटं खपत नाही, तो लगेच तोंडावर बोलून दाखवतो. गावात कार्यक्रम करायचा म्हणजे आधी गावच्या कारभाऱ्याला भेटावं लागतं. तो परवानगी कशी देतो, पानाचा डबा पुढे सरकवताना कुणाला आधी देतो, कुणाकडे न बघताच ‘बसा’ म्हणतो, हे सगळं दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत भरतं. बागेत खुरपं घेऊन बसलेल्याला बंगल्यातल्या माणसाची चाल जितकी नीट दिसते तितकी ती बंगल्यातल्यांनाही दिसत नसेल. निळूभाऊंनी सत्ता खालून बघितली होती. माझ्या मते त्यांच्या पाटलांत, सावकारांत, चेअरमनांत जो खरेपणा आहे तो तिथून आलेला आहे.

आता ‘सामना’. पहिल्यांदा बघत असलास तर मोबाईलवर बघू नकोस, मोठ्या पडद्याची सोय कर. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं, आणि 1975 मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला होता. त्यातले निळूभाऊ म्हणजे हिंदूराव धोंडे पाटील. त्या आधीच्या तमाशाप्रधान चित्रपटांत गावचा खलपुरुष म्हणजे वाड्यातला इनामदार किंवा पाटील, फेटा, चाबूक आणि नाचणारीवर डोळा. पण तोवर महाराष्ट्र बदलला होता. वतनं गेली होती, कूळकायदा आला होता, आणि उसाच्या पट्ट्यात सहकारी साखर कारखान्यांभोवती नवी सत्ता उभी राहिली होती. हिंदूराव त्या नव्या सत्तेचा माणूस. त्याच्याकडे चाबूक नाही. त्याची गरजच नाही. कारखाना आहे, माणसं आहेत, पोलीस ओळखीचे आहेत.

आणि तो करतो काय? रस्त्यावर भेटलेल्या एका दारुड्या मास्तरला घरी आणतो. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, एकेकाळचा गांधीवादी, आता पार मोडलेला. हिंदूराव त्याला दारू पाजतो, शेजारी बसवतो, आपण उभं केलेलं सगळं कौतुकानं दाखवतो. निळूभाऊंचा हिंदूराव त्या मास्तरवर खरोखर जीव लावतो, बघ. भोवती सगळे मान डोलावणारे, बरोबरीनं बोलणारं कुणी नाही, असा तो एकटा माणूस आहे. म्हणून त्याला हा सोबती हवासा वाटतो. मग मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारायला लागतो, आणि तो प्रश्न काही केल्या सोडत नाही. इथे दुसऱ्या कुणी पहिल्याच वेळी डोळे वटारले असते. निळूभाऊंच्या चेहऱ्यावर आधी येतं ते दुखावलेपण. मी तुला एवढं दिलं आणि तू हे विचारतोस? धमकी नंतर येते, आणि तीसुद्धा खालच्या आवाजात. ते दुखावलेपण बघताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण क्षणभर मला हिंदूरावचं पटतं. प्रेक्षकाला क्षणभर त्याच्या बाजूला नेऊन बसवायचं आणि मग कुठे बसलोय हे त्याचं त्याला कळू द्यायचं. एवढं ज्या दिवशी तुला साधेल त्या दिवशी मी पेढे वाटीन.

आवाजाचंही याच ओघात सांगते. निळूभाऊंचा आवाज घोगरा होता, देखणा नव्हता. पण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकण्यासाठी थोडं पुढे झुकावं लागेल, असं ते बोलत. लोकांना पुढे झुकायला लावणारा माणूस आपोआप मोठा होतो. तू उलट लोकांच्या कानापाशी जाऊन ओरडतोस.

एक अभ्यास देते, तो कर. आपल्या तालमीत मी मुलांना तो देत असे. घरातला अडकित्ता आणि मूठभर सुपारी घे. समोर एकाला उभं कर, त्यानं तुझ्याकडे जमिनीसाठी, मुलाच्या दाखल्यासाठी, कशासाठीही गयावया करायची. तुझ्या तोंडी एकच वाक्य, ‘बघू.’ बाकी सगळा वेळ तू सुपारी कातरायची. खांड अडकित्त्यात धरायचं, फिरवायचं, बारीक कातरण तळहातावर घेऊन फुंकर मारून टरफल उडवायचं. त्याचं बोलणं ऐकू येतंय, पण सुपारी जास्त महत्त्वाची आहे. पहिल्या दिवशी तू हे ‘दाखवशील’, मुद्दाम हळू कातरशील. ते खोटं. आठवड्याभरात सुपारी खरंच नीट कातरायची आहे असं तुला वाटू लागेल, आणि समोरच्या माणसाचा आवाज आपोआप बारीक होत जाईल. तुझ्या चेहऱ्यावर काहीही नसताना त्याचा चेहरा उतरेल. प्रसंग तिथे आहे. तुझी भीती तुझ्या तोंडावर दिसत नसते रे, ती समोरच्याच्या तोंडावर दिसते. म्हणून समोरच्या नटाला नीट काम करू दे. त्या म्हाताऱ्याचं काम करणारे गृहस्थ फार चांगले आहेत, आणि तू त्यांच्या प्रत्येक वाक्यावर काहीतरी करत बसतोस.

सुट्टीच्या दिवशी एखाद्या बाजार समितीत किंवा सरकारी कचेरीत जाऊन दुपारभर बस. कुणाशी बोलू नकोस. अधिकार असलेला माणूस दुसऱ्याला कसा थांबवून ठेवतो तेवढं बघ. तो रागावत नाही. तो फोन पुरा करतो, सही करतो, चहाचा घोट घेतो, मग वर बघतो. वर बघतानाही आधी माणसाकडे बघत नाही, त्याच्या हातातल्या कागदाकडे बघतो.

‘सखाराम बाइंडर’ वाचलंस का? नसशील तर या आठवड्यात वाच. 1972 साली कमलाकर सारंगांनी ते रंगभूमीवर आणलं, सखाराम निळूभाऊंचा आणि चंपा लालन सारंग यांची. केवढं वादळ उठलं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून स्वतःच्या नियमांनी ठेवणारा हा बुकबाइंडर. तो आपले नियम उघड सांगतो, शिव्या देतो, मारतो, आणि आपण ढोंगी नाही याचा त्याला अभिमान आहे. असं काम करताना नटाला मोह होतो, प्रेक्षकाकडे हळूच बघून ‘मी खरा असा नाही हं’ असं सुचवण्याचा. निळूभाऊंनी ती सवलत घेतली नाही. तू घेतोस. प्रसंग संपता संपता तुझ्या ओठाच्या कोपऱ्यात एक हसू येतं, ते तुझं आहे, त्या माणसाचं नाही. ते काढून टाक.

सदाशिव अमरापूरकरांचा ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टीही बघून ठेव. गोविंद निहलानींचा 1983 चा चित्रपट, आणि याचीही पटकथा तेंडुलकरांचीच. नगरच्या रंगभूमीवरून आलेला हा माणूस, हिंदीत तोवर फारसा कुणाला माहीत नव्हता. मोजकेच प्रसंग वाट्याला आले, आणि पिक्चर संपल्यावर माणसं रामा शेट्टीचं नाव घेत बाहेर पडली. नंतर 1991 च्या ‘सडक’मधल्या महाराणीसाठी त्यांना खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं, ते त्या गटातलं पहिलंच. मात्र त्यानंतर हिंदीनं त्यांच्याकडून भडक कामंच जास्त करून घेतली असं माझं मत आहे, आणि एवढ्या मोठ्या नटाचं ते नुकसान झालं.

इथे तुझ्या मित्रांच्या शिक्क्याच्या भीतीकडे येते. भीती खोटी नाही. शिक्का निळूभाऊंवरही बसला, आणि तो शेवटपर्यंत राहिला. गावोगावच्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत. पण शिक्क्याच्या आत त्यांनी काय काय केलं ते बघ. ‘सामना’नंतर चार-पाच वर्षांतच, 1979 मध्ये, त्याच जब्बार पटेलांनी अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ केला. पटकथा पुन्हा तेंडुलकर. त्यात अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले डॉ. लागू, आणि निळूभाऊ झाले दिगू टिपणीस, सगळं बघणारा, सगळं कळणारा आणि काहीच बदलू न शकणारा पत्रकार. आधीच्या चित्रपटात सत्ता निळूभाऊंकडे आणि प्रश्न लागूंकडे, इथे सत्ता लागूंकडे आणि बघणं निळूभाऊंकडे. हे दोन चित्रपट लागोपाठ दोन रात्री बघ. हिंदूरावचे डोळे आणि दिगूचे डोळे एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही. दिगूचं ते शेवटचं वेड्यासारखं हसणं माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आणि जयवंत दळवींचं ‘सूर्यास्त’. त्यातले अप्पाजी म्हणजे आयुष्यभर तत्त्वानं जगलेला म्हातारा, आपल्याच माणसांच्या राजकारणापुढे हतबल झालेला. ज्यांना लोक वाड्यातला राक्षस म्हणून ओळखत, त्यांनीच हा माणूस रंगभूमीवर उभा केला. पुढाऱ्यातही त्यांनी एकच पुढारी परत परत केला नाही. महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मधला गजानन चित्रे घे. शहरातला, मुलाचं लफडं दाबायला निघालेला बाप. हिंदूरावची ऐट त्याच्यात नाही, त्याच्याकडे बापाची घाई आहे. शिक्का बाहेरचे मारतात, त्यावर तुझा इलाज नाही. पण तोच माणूस दुसऱ्यांदा करायचा की नवा उभा करायचा, हे तुझ्या हातात आहे. दुसऱ्या मालिकेतल्या तुझ्या माणसाची भूक वेगळी काढ. पहिल्याला जमीन हवी आहे. दुसऱ्याला कदाचित फक्त मान हवा असेल, किंवा थोरल्या भावाचं प्रेम. भूक बदलली की चालणं बदलतं, जेवणं बदलतं, आवाजसुद्धा बदलतो.

वहिनीचं मी बघते. तिला वाटतं, रोज वाईट माणूस करता करता पोरगं तसंच होईल. तिची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. दिवसाचे बारा बारा तास सेटवर सगळे तुझ्यापुढे दबून वागतात, ते खोटं असतं हे शरीराला कळत नाही. म्हणून सेटच्या बाहेर तुला एक जागा लागेल. निळूभाऊंना ती होती. डॉ. बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत ते होते, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. सामाजिक कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायचा ठरला तेव्हा डॉ. लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत ते महाराष्ट्रभर फिरले. पडद्यावर ज्या माणसाची विहीर ते हिसकावत, प्रत्यक्षात त्याच माणसाला पाणवठ्यावर हक्क मिळावा म्हणून ते झटत होते. 13 जुलै 2009 ला ते गेले, तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांत सिनेमावाल्यांइतकेच चळवळीतले लोक होते. तू लगेच चळवळीत जा असं मी म्हणत नाही. तुला झेपेल ते शोध, पण जिथे तुला ‘सरपंचाचा भाऊ’ म्हणून कुणी ओळखत नाही आणि झाडू मारायची पाळी तुझ्यावरही येते, अशी एक जागा धरून ठेव. आणि त्याचे फोटो टाकू नकोस.

मंडईतल्या त्या बाईचं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी कुणी असं बोललं तर उलट उत्तर देऊ नकोस, हसण्यावारीही नेऊ नकोस. ‘मावशी, तुमचं बरोबर आहे’ म्हण आणि भाजी घे. त्या बाईच्या घरात असा एखादा माणूस असेल, तुला काय माहीत.

आता निर्मात्याशी काय बोलायचं ते. हो म्हणायच्या आधी पहिल्या दहा भागांचे कागद माग. द्यायला कुरकुर करतील, तरी माग. वाचताना तुझा माणूस एकटा असतो असा एक तरी प्रसंग आहे का बघ. नसेल तर लेखकाला भेटून, नम्रपणे, एक मागून घे. त्याला कुणाची भीती वाटते, हेही विचार. ज्याला कुणाचीच भीती नाही असा माणूस शंभर भाग ओढता येत नाही, लेखकालाही ते लवकरच कळेल. करारात ‘आमच्याशिवाय दुसरं काम नाही’ असं कलम असेल तर त्यातून नाटकाचे प्रयोग वगळून घे, लेखी. पैसे तीन तीन महिन्यांनी हातात येतात हे तुला आता कळलंच आहे, तेव्हा त्या पैशाच्या भरवशावर गाडीचा हप्ता सुरू करू नकोस. पहिल्या मालिकेच्या तारखा कुठे आदळतात तेही आत्ताच बघ. एका दिवसात दोन सेटवर दोन वाईट माणसं करायला गेलास तर दोघेही सारखेच होतील.

कागद आले की पानांचे फोटो काढून मला पाठव, मी मोठी अक्षरं करून वाचीन. फोन रात्री नऊनंतर कर, तेव्हा निवांत बोलता येईल. वहिनीकडे मी रविवारी जाते आहे. अडकित्ता तिकडे मिळत नसेल तर सांग, इथून पाठवते.

तुझी,
आत्या